खाकी कव्हर

रविवार, संध्याकाळ. भिवंडी

आज प्रार्थनेला गणेशपुरीकडची सुनीता आली होती. येशूला सोडत नाही म्हणून दिरानं तिचं बायबल फाडलं. गावातले तिला नळावर पाणी भरू देत नाहीत. तिनं पानं गोळा करून चिकटपट्टीनं जोडलीत. ते बायबल हातात घेऊन सगळे रडले. मी मात्र जळत होते. हो, जळतच होते. वीस वर्षं विश्वासात आहे, माझ्यासाठी कधी कुणी रडलं?

माझ्या बायबलला खाकी कव्हर आहे, शाळेच्या वह्यांना घालतात तसं. शेअर रिक्षात कुणाला कळू नये म्हणून. सुनीतानं ते उलटून पाहिलं.

"ताई, किती जपता हो! माझं बघा, पार चिंध्या हायत."

तिला खरंच कौतुक वाटत होतं.

"हो, जपते," मी म्हणाले.

हे खोटंच ना? तिच्यासारखा छळ नको, मान मात्र तिचाच हवा. देवापुढे हे कुठल्या तोंडानं सांगू?

आत्ता कव्हर काढलं. पण फेकवत नाही. घडी करून पर्समध्ये ठेवलंय. बुधवारी प्रार्थनेला जायला धामणकर नाक्यावरून रिक्षा धरायची आहे.