पाण्याशी न जुळणारं नाव

आई, तुझ्या अंगावरून वारं गेलं तेव्हा ऊसतोड चालू होती. भवानीनगरच्या आपल्या घरात तू भाकरी थापत होतीस. थापता थापता उजवा हात परातीतच राहिला आणि तुझं बोलणं गेलं. मी तेव्हा तिसरीत. हात हळूहळू उचलायला लागला, पण बोलणं काही परत येईना. पाणी हवं असलं की तू तांब्याकडं बघायचीस, ओठ हलवायचीस आणि भलताच आवाज निघायचा. मला बोलवायला तू पाटावर बोटं वाजवायचीस. मी यायचे, पण मला ते मुळीच आवडायचं नाही. मला माझ्या नावानं मारलेली हाक हवी होती.

मग संक्रांत आली. तू घराबाहेर पडत नव्हतीस, म्हणून आत्यानं हळदीकुंकवाच्या बायकाच आपल्याकडं बोलावल्या. एक शेजारीण सवयीनं बोलून गेली, "नाव घ्या की, वैनी," आणि लगेच तिनं जीभ चावली. तू मात्र मान वर केलीस आणि घडाघडा म्हणालीस, "भोंगा वाजला कारखान्याचा, पाखरं उडाली सारी," आणि पुढं तात्यांचं नाव घेऊन त्यांची वाट बघत उखाण्यातल्या दारी उभी राहिलीससुद्धा! एक अक्षर अडलं नाही. मी आनंदानं तात्यांना सांगायला पळाले आणि तिथंच घोळ झाला. तात्यांनी येऊन तुझ्यापुढं तांब्या धरला. "ह्ये काय हाय, सांग." तुझे ओठ नुसते हलले. "उखाणा येतुय आन् पानी म्हनाय येत न्हाय? सोंग करती व्हय? इंदापूरला म्हायेरी नेऊन सोडतो, बस तितं." तू तोंडाला पदर लावलास. तात्या वाईट नव्हते गं. ते घाबरले होते, आणि घाबरले की ओरडायचे. पण त्या संध्याकाळी मी माझी दप्तराची पिशवी भरून ठेवली, तुला नेलंच तर मीही तुझ्याबरोबर येणार होते.

आत्यानं हट्ट धरला म्हणून ते तुला बारामतीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. मीही होते. डॉक्टर म्हणाले, "सोंग नाही हे. शब्द शोधून बोलायचं असतं ती मेंदूतली वाट वेगळी, चालीवर पाठ म्हणायचं असतं ती वेगळी. यांची एक बंद झालीय, दुसरी उघडी आहे. त्या वाटेनं आणा बाईंना." परतताना एसटी काटेवाडीला थांबली, तेव्हा तात्या खाली उतरले, पेरू घेऊन आले आणि फोडी करून तुझ्या डाव्या हातावर ठेवत राहिले. इंदापूरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मला हाक मारायला आत्यानं तुझ्यासाठी एक ओळ रचली. "कोथिंबिरीच्या वाफ्यात सोडलं पाटाचं पाणी, दारात उभी कोण, माझी लाडाची..." ती थांबायची आणि तू म्हणायचीस, "राणी." सगळे खूष. मी सोडून. "राणी आपली म्हस हाय, मी न्हाय!" असं मी ओरडले, तेव्हा तात्या कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले आणि मी मात्र रडले. एका दुपारी तुम्ही दोघी गवार मोडत बसला आहात. आत्या ओळ म्हणते. तू "लाडाची"पर्यंत येतेस आणि थांबतेस. "म्हना की वैनी, रा..." तू डावा हात वर करून तिला गप्प करतेस. माझ्याकडं बघतेस. तुझ्या कपाळावर घाम आलाय. आणि तू माझं नाव म्हणतेस. पाण्याशी कुठंच न जुळणारं, सगळी ओळ मोडून टाकणारं माझं नाव. पुढं बाकीचे शब्दही एकेक करून आले, पण मला हाक मारताना शेवटपर्यंत तू आधी ती ओळ पुटपुटायचीस.

मोठेपणी मी पुण्यात यंत्रांना भाषा शिकवायच्या कामात पडले. मेंदूतल्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात, वापरातली जोडणी बळकट होत जाते. त्यावरूनच माणसांना सुचलं की यंत्रातही आकड्यांचं असं जाळं विणावं. मग वाक्यातला एक शब्द झाकायचा आणि यंत्राला ओळखायला लावायचा. चुकलं की जोडण्या जराशा हलवायच्या आणि पुन्हा विचारायचं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आत्याच दिसली, मांडीवर गवार घेऊन बसलेली. वाट बंद झाली तर मेंदू दुसरी शोधतो, आपलं यंत्र का शोधत नाही, मेंदूकडून शिकायचं अजून पुष्कळ राहिलंय, असं मी बरोबरच्यांना सारखं ऐकवायचे. त्यांना वाटायचं, मी पुस्तकातलं बोलतेय.

परवा मी अशाच एका यंत्राला आत्याची ओळ दिली, "लाडाची"पर्यंत. त्यानं लगेच लिहिलं, राणी. यमक बघता बरोबरच आहे त्याचं. चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढंच मी आयुष्यभर केलं. या वेळी मात्र बोटं कळांच्या वरच राहिली, मी त्याला माझं नाव सांगितलंच नाही. खरं सांगू, आई? ते त्याला यायला नको होतं मला. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून खालची सहीची जागाही कोरीच ठेवतेय. तिथलं नाव तू म्हण.