चिंचेनं घासलेला बिल्ला

बाई, तुमची पेटी आता माझ्याकडे आहे. तुम्ही गेल्यावर तुमच्या भावांनी ती लोणंदला कारखान्याच्या गेटवर आणून दिली आणि घरात कुणाला यातलं कळत नाही म्हणाले. मी तिथं धातूंची तपासणी करते. पेटीत सदतीस बिल्ले आहेत, दुसऱ्या महायुद्धातल्या पलटणींचे, टोपीवरचे आणि खांद्यावरचे. प्रत्येकाखाली तुमच्या अक्षरात गाव, घर आणि देणारीचं नाव. देणारीचं, कारण तुम्हाला ते बायकांनीच दिले. एका खणात बिल्ला नाही, नुसती चिठ्ठी आहे.

नववीत तुम्ही आम्हाला शिकवत होतात, आणि बिल्ले शोधायला मी तुमच्याबरोबर हिंडायचे. रविवारी तासगावच्या स्टँडवरून एसटी, माझ्या दप्तरात जाडी मोजायचा शाळेचा व्हर्नियर. सोप्यातले पुरुष लढाईच्या गोष्टी सांगायला बसलेलेच असत. तुम्ही दोन मिनिटं ऐकून सरळ स्वयंपाकघरात शिरायचात. गोष्टी बाहेर असतात, वस्तू आत, असं तुमचं मत होतं. ते बरोबरही निघायचं. एक बिल्ला पाळण्याच्या दोरीला मिळाला, एक बटणांच्या डब्यात. तुम्ही भाजी निवडायला बसायचात आणि बोलणं काढायचात. मी मापं लिहायचे.

ज्या पलटणीचा बिल्ला तुम्ही कित्येक वर्षं शोधत होतात, तो एका आजींच्या चुलीवरच्या फळीवर होता, तेलाच्या किटलीमागे, धुरानं काळा झालेला. ती पलटण युद्धानंतर मोडली, म्हणून तो कुठं मिळत नव्हता. आजी म्हणाल्या, न्या की, कोण बघतंय त्याच्याकडं. तुम्ही तो रुमालात बांधून माझ्याकडे दिलात, घरी नीट मोजायला.

मी तो मोजला आणि मग चिंच-मिठानं घासला, आमच्या देवघरातली निरांजनं घासतात तसा. पुन्हा मोजला. जाडीत फरक शून्य, म्हणजे नुकसान शून्य, असा माझा हिशेब. सोमवारी मी तो मोठ्या अभिमानानं तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही तो उलटून पाहिलात. मग हळूच विचारलंत, "आणि रंग कशानं मोजलास?"

 साठ-सत्तर वर्षांचा थर मी दहा मिनिटांत काढला होता. पुढच्याच रविवारी तुम्ही मला परत त्या घरी नेलंत. बिल्ला माझ्या हातात दिलात आणि आजींना काय केलंस ते तूच सांग म्हणालात. मी सांगितलं. आजींनी तो दारातल्या उजेडात धरला.

"आवं बाई, ह्यो असाच हुता. मालक सुट्टीवर आलं तवा टोपीवर असाच चमकत हुता. काळा झाल्यावर माज्या ध्यानातनंच गेला." त्यांनी तो पदराच्या टोकाला बांधला. "आता न्हाई द्यायची मी."

तुम्ही एवढंच म्हणालात, "राहू द्या, आजी. तुमचाच आहे." शेंगदाण्याचा लाडू खाल्ला आणि निघालात.

आज मी कुठलाही नमुना साफ करण्याआधी त्याचा फोटो काढते. हाताखालची मुलं हसतात. तुमचं नाव मी त्यांना सांगत नाही, पण ती सवय तुमची आहे, आणि नोकरीत मला ज्याबद्दल मान मिळतो त्यातलं बरंचसं तुमचंच आहे.

त्या रिकाम्या खणासाठी मागच्या महिन्यात मी आजींच्या घरी गेले. आजी नाहीत. सूनबाईंनी बिल्ला दाखवला, देवाच्या फळीवर, अजून लख्ख. मी तो मागितला, बाई. तुम्ही कधी मागितला नसता. सूनबाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, "न्हाई जमायचं ताई. पोरगं भरतीसाठी पळतंय, रोज सकाळी त्याला हात लावून जातंय."

मला बरं वाटलं असं लिहिता आलं असतं. पण वाईट वाटलं, आणि ते पार लोणंद येईपर्यंत टिकलं. तेव्हा कुठं त्या रविवारची, आजींकडून परततानाची एसटी आठवली. तुम्ही तासगावपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसला होतात. स्टँडवर उतरल्यावर म्हणालात, "पुढच्या रविवारी नऊची गाडी, व्हर्नियर विसरू नकोस." म्हणजे तुमचं फारसं काही गेलं नाही, असं मी ठरवून टाकलं. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहिते: ते खरं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तसं मानणं मला सोयीचं होतं.