टपावरचा सांधा

३ डिसेंबर

...निम्मं निघालं. उरलेलं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडतोय, आमच्या कॅम्पर व्हॅनच्या टपावर पालथा. झरोक्याच्या चौकटीभोवती मीच लावलेलं. न्हाणीघराच्या फरशीचं उरलं होतं म्हणून. सप्टेंबरात महाबळेश्वरला तिथूनच गळलं, नेमकं विमलच्या उशीवर. तेव्हापासून तिचं एकच, गाडी विका. मांजरी गावचे एक गृहस्थ दोनदा पाहून गेले. मी टाळतोय.

चहा घेऊन खाली उभी राहिली. म्हणाली, "अहो, उरलेली आमटीही इंजिनात घालत जा."

४ डिसेंबर

सिलिकॉनवर दुसरं काही धरत नाही. चौकट स्पिरिटनं पुसली, पुन्हा पुसली. हडपसरहून दोन प्रकारचं सीलंट आणलं. घट्ट, बाजूच्या उभ्या सांध्यांना. पातळ, टपाला, ते आपोआप पसरून सपाट होतं. संध्याकाळी लावलं, स्क्रूंची डोकी झाकली. कवडी दह्यासारखं. उगीच बघत बसलो.

५ डिसेंबर

गाडी सोसायटीच्या उतारावर. सपाट जागा सेक्रेटरींची. सीलंट पसरलं, पण उताराकडे. खाली ओघळ, वरच्या कडेचे स्क्रू उघडे. इतकी वर्षं उतारावर लावतोय गाडी; उतार दिसेनासा झाला होता.

वि. स्वतः सेक्रेटरींकडे गेली. दोन-तीन दिवस जागा द्या, मग गाडी जाणारच आहे, असं सांगितलं म्हणे. त्यांनी लगेच आपली काढली. आनंदानं.

६ डिसेंबर

सकाळी दोघं विहारात. दुपारी सपाट जागेवर पुन्हा लावलं. या वेळी धरलं. वि.नं शिडी धरली. शेवटपर्यंत.

८ डिसेंबर

सीलंट वाळलं. गच्चीवरून पाइप सोडला. वि. आत, झरोक्याखाली आडवी. थेंब पडला की सांगणार होती. भरपूर पाणी सोडलं. हाक मारली, उत्तर नाही. वाटलं, रागावून निघून गेली. पाणी बंद करून दार उघडलं. झोपली होती. उशी कोरडी. पायाशी चादरीचा कोपरा ओलसर. गळून की माझ्याच ओल्या हातानं, सांगता येत नाही. उठवलं नाही.

संध्याकाळी कोपऱ्याचं सांगितलं. "बघू," म्हणाली.

९ डिसेंबर

सकाळी मांजरीच्या गृहस्थांचा फोन. वि.नं घेतला. म्हणाली, आम्ही गाडी घेऊन नागपूरला ताईकडे जाऊन येतो, मग कळवतो.