सुईणींची भिंत

३ फेब्रुवारी
गौतमीच्या विभागात भिंत सजवायचं चाललंय. माझी लेक मेडिकल कॉलेजात डॉक्टरकीचं पुढचं शिकते. म्हणाली, अमेरिकेत या महिन्यात काळ्या लोकांचा इतिहास आठवतात. तिथं दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांत गोऱ्यांचीसुद्धा बाळंतपणं काळ्या म्हाताऱ्याच करायच्या. पुढं डॉक्टर आले आणि त्यांनाच अडाणी म्हणून बाजूला सारलं. त्यांचे फोटो लावणार — शेजारी आपल्या मुळशीच्या सुईणींचे.
मी म्हटलं, मग चुलीपुढं बसलीय ती कोण? माझी सासू अनुसया. निम्मं माले गाव तिच्या हातावर जन्मलंय.

५ फेब्रुवारी
भिंतीवर लीलाबाई! वरच्या आळीची. तिचा नातू अमोघ त्याच विभागात डॉक्टर, त्यानं फोटो दिला. खाली लिहिलंय — गावची सुईण.
कसली सुईण. दारात उभी राहून हुकूम सोडायची. नाळ कापायची आमची म्हातारी, घाण उचलायची म्हातारी. ती निघाली की मागनं पायरी धुवायचे.
गौतमी म्हणते, अमोघ चांगलाय, घरात ऐकलं तेच त्यानं लिहिलं.
असेल चांगला. मी काय त्याला मारायला निघाले?

६ फेब्रुवारी
हरभरा उपटला. कंबर गेली.

९ फेब्रुवारी
स्वतःच गेले कॉलेजात. अमोघला गाठलं. म्हटलं, तुझ्या बापाची नाळ कोणी कापली, विचार घरी. वाद घातला नाही पोरानं. माझ्यासमोरच आजीला फोन लावला, आवाज मोठा करून. लीलाबाई म्हणाली, "मी कशाला हात लावतीय? अनुसया व्हती की. मी वरनं पाणी वतायची तिच्या हातावर." दळण कुठं टाकलंय ते सांगावं तसं सांगितलं.
अमोघनं फोटो उतरवला. म्हणाला, काकू, चुकलं. त्यांच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, अनुसयाबाईंचा फोटो लावू, वीस तारखेला त्यांना घेऊन या, सत्कार करू.
झालं काम.

१० फेब्रुवारी
म्हातारी येत नाही म्हणते. नवं लुगडं घेते म्हटलं, तर म्हणे, "तूच नेस."

१४ फेब्रुवारी
आज भांडलेच. म्हटलं, आत्या, एवढ्यांची सुटका केली तुमी, भिंतीवर नाव नको का?
म्हणाली, "मला इचारून दिलं व्हतं का ते काम? न्हाई गेलं तर रानात पाय ठिऊ द्यायचे न्हाईत. आमी ते सोडलं म्हणून तुझी लेक शिकली. आता त्याच नावानं मला टांगती व्हय?"
गौतमी घरी आली होती, ती म्हणाली, आजी, तिकडच्या त्या बायकांना तरी कुणी विचारलं असेल का?
म्हातारीनं फोटो बघायला मागितला. गौतमीनं फोनवर दाखवला. काळी म्हातारी, पांढरा एप्रन, हातात पेटी. लई वेळ बघितलं तिनं.
मग म्हणाली, "हिच्या बाळंतपणाला कोण गेलं व्हतं?"
गौतमीला माहीत नव्हतं.
"माझ्या येळंला निरोप धाडला व्हता. डाक्टरची गाडी वरच्या आळीपतूर आली. आपल्या वस्तीत न्हाई आली. दोनींदा."
माझा नवरा, दामू, तिथंच जेवत होता. त्याच्या आधीची दोन भावंडं तापानं गेली, असंच आम्हाला माहीत होतं. त्याचा हात ताटातच राहिला.

१५ फेब्रुवारी
दामू न जेवताच रानात गेला. मागनं मी भाकरी बांधून नेली.

२० फेब्रुवारी
म्हातारी गेलीच नाही. सत्कारही नको म्हणाली. संध्याकाळी गौतमी आली. भिंतीवर म्हातारीच्या फोटोखालचं 'सुईण' काढून टाकलंय. नवीन लिहिलंय ते तिनं आजीला वाचून दाखवलं — अनुसया, माले. दोन लेकरं बाळंतपणात गेली. डॉक्टर वस्तीत आला नाही.
म्हातारीनं परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आता ऱ्हाऊ दे भिंतीवर."