खंडेनवमीचा फोन

देवास,
५ ऑक्टोबर २००५

तीर्थस्वरूप नीलकंठकाकांस,
उर्वीचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. काल घट बसले, देवीच्या टेकरीवर दर्शनाला ही गर्दी. चारुलताकाकूंचा गुडघा कसा आहे? आईने त्यांच्यासाठी मेथीचे लाडू केलेत. बाबा धारला येतील तेव्हा आणतील, कारण मी परवाच फील्डवर परत निघते आहे.

येताना मी तुमच्याकडे उतरले नाही, हे काकूंना लागलं असं आई म्हणाली. गुजरातेतून येणारी बस धारच्या स्टँडवर चहापुरती थांबली होती. मी खिडकीशी बसून राहिले. अंग दुखत होतं, असं आईला सांगितलंय. तूर्त तुम्हीही तेच समजा.

तुम्ही निवृत्त झालात, तुमच्या जुन्या विहिरी अजून तेल देतात, पण पूर्वीसारख्या भरत नाहीत. पंप आपला मान हलवत राहतो, खाली तेल साचलेलंच नसतं, रिकामे ठोके बसतात आणि दांडा तुटतो. म्हणून तर हे नवं यंत्र बसवलं. दांड्यावरचा भार ते क्षणाक्षणाला मोजतं. विहीर भरली की पंप चालवतं, रिती झाली की थांबवतं. यात तुमचा अपमान कुठे होतो, ते मला अजून कळलेलं नाही.

तुमचा राग अगदीच बिनबुडाचा नाही, हेही लिहिते. उन्हाळ्यात उंदरांनी केबल कुरतडली आणि यंत्राने चांगल्या भरलेल्या विहिरी बंद पाडल्या. शिवाय यंत्राचे आकडे दाखवणारा फील्डवरचा पडदा हेड ऑफिसातही दिसायचा. आकडा जरा खाली आला की तिकडून फोन, आणि रघुजीसारख्या शिफ्ट सांभाळणाऱ्या माणसाला कालच्या पोरांची बोलणी. कोणी आपल्यावर अशी पाळत ठेवली असती तर मीही यंत्राचा स्विच पाडला असता. म्हणून केबल लोखंडी नळीत घातली. हेड ऑफिसशी भांडून तिथला पडदा दिवाळीपर्यंत बंद करून घेतला. साहेबांना आवडलं नाही. न आवडो.

तरीही रोज सकाळी बघावं तर स्विच 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर, म्हणजे यंत्र बाजूला आणि पंप माणसाच्या हाती. मी वर करायचे, कोणीतरी खाली पाडायचं. शेवटी रघुजीला समोर बसवलं. टोंकखुर्दहून तुम्हीच त्याला नेऊन नोकरीला लावलंत. त्या माणसाला खोटं बोलता येत नाही. म्हणाला, "ताई, स्विच तर मीच पाडतो. पण काकासाहेबांना पूछूनच. ते बोलले, हात लावल्याबिना कुएँ का भरोसा करू नको भिया."

माझं अंग का दुखत होतं ते आता तुम्हाला कळलं असेल.

मला फार राग आला, काका. त्याहून जास्त वाईट वाटलं. दांड्यावर तळहात ठेवून विहीर ओळखायला तुम्हीच शिकवलंत मला. बाबा नको नको म्हणत असताना या कामात तुम्हीच आणलंत. यंत्राबद्दल शंका होती तर मला विचारायचं, रघुजीला कशाला? मी फोन केला की तुम्ही "काकूला देतो" म्हणून सुटता. म्हणून हे पत्र.

आता स्पष्टच लिहिते. दिवाळीपर्यंत यंत्र चाललेलं दिसलं नाही तर हेड ऑफिसवाले ते काढून नेतील आणि सारखे दांडे तुटणाऱ्या त्या विहिरी तोट्याच्या ठरवून सिमेंट ओतून कायमच्या बुजवतील. तुमच्या विहिरी आहेत त्या. मी त्या बुजू देणार नाही.

तुमचं नाव मी वर कळवलेलं नाही, कळवणारही नाही. फील्डवरच्या माणसांपुढे तुमच्याविरुद्ध एक शब्द काढलेला नाही. त्यांच्या लेखी तुम्ही अजून तिथेच आहात. तर तसंच असू दे.

दर खंडेनवमीला पंपांची पूजा मांडली की रघुजी तुम्हाला फोन लावतो, आणि तुम्ही "हं, होऊ द्या" म्हटल्यावरच नारळ फुटतो. मग पंप चालू राहतात, पण पान्याला, स्विचला दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही, ही रीत तुम्हीच घातलेली. यंदा मी नव्या पॅनेललाही हळदकुंकू वाहणार आहे. नारळ फोडण्याआधी रघुजी तुम्हाला विचारील, स्विच कुठे ठेवू? विचारायला मीच सांगितलंय त्याला. तुम्ही म्हणाल तिथे तो राहील. मी बोट लावणार नाही.

'मॅन्युअल' म्हणालात तर दसऱ्याला पुन्हा विचारीन. दिवाळीपर्यंत रोज विचारीन. आणि 'ऑटो' म्हणालात, तर दसऱ्याला उजाडल्याबरोबर प्रत्येक दांड्यावर तळहात ठेवून विहिरी कशा आहेत ते तुम्हाला फोनवर सांगेन. पडद्यावर दिसेल ते नाही, हाताला लागेल ते.

काकूंना नमस्कार सांगा. खंडेनवमीचा फोन मात्र त्यांच्याकडे देऊ नका.

तुमच्या खुर्चीवर बसणारी, तुमच्याच हाताखाली तयार झालेली,
उर्वी