हाडाने धरलेले दात

प्रिय चिमण्या,

फोनवर सांगायला गेले असते तर तू मध्येच तोडलं असतंस, म्हणून लिहायला बसले. आधी चांगली बातमी: तुझ्या आईला पुढचे दोन दात आले आहेत, आणि ते रात्री पेल्यात काढून ठेवावे लागत नाहीत.

जिन्यावरून पडले, दात गेले, कवळी बसवली, इथवर तुला ठाऊक आहे. पण त्या कवळीपायी माझ्या वाचनाची पार वाट लागली. अंध वाचकांसाठी मी पुस्तकं रेकॉर्ड करते, तिथला ध्वनिमुद्रक बिचारा संकोचत म्हणाला, की प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजतेय. तुझ्या बाबांचं म्हणणं, चला, कुकरचा खर्च वाचला. हसले मी, पण त्याच आठवड्यात ठरवलं, इम्प्लांट करायचे, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर पक्के दात. आणि करायचे तर ज्या हातांवर माझा पूर्ण भरवसा आहे, त्यांच्याकडूनच. होय, तिच्याकडे गेले. घटस्फोट तुम्हा दोघांचा झाला. माझ्या जबड्याने कुठे सही केली होती?

पहिल्या दिवशी तिने मला कसलीच हाक मारली नाही. नुसतं 'या, बसा'. पण स्कॅन लावून समजावायला लागली, तशी मोकळी झाली. स्क्रू टायटॅनियमचा. हवा लागताच त्या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, त्यामुळे शरीर त्याच्याशी भांडत बसत नाही. शिवाय तो मुद्दाम खरबरीत केलेला असतो, म्हणजे हाडाच्या पेशींना धरायला जागा मिळते. मध्ये गोंद नाही, सिमेंट नाही. हाडच वाढत येऊन त्याला बिलगतं. भोक पाडताना ती पाण्याची धार सोडत सावकाश काम करत होती, कारण हाड तापलं की पेशी मरतात म्हणे.

महिन्याभरात दुखायचं थांबलं. मी वर लावलेल्या तात्पुरत्या दातांनी सफरचंदाचा लचका तोडला आणि तिला फुशारकीने सांगितलं. ती अशी तापली म्हणून सांगू! स्क्रू आधी नुसता आवळून बसलेला असतो. मग भोवतालचं जुनं हाड झिजतं आणि नवं अजून पक्कं झालेलं नसतं; त्या मधल्या दिवसांत तो सगळ्यात कच्चा. "आई, तो हलला असता तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं," ती म्हणाली. 'आई' हा शब्द तोंडून निघून गेला होता. माझ्या तोंडात आरसा, बोलणार काय? पण तिचं मनगट धरलं, आणि तिने ते सोडवून घेतलं नाही.

त्यानंतर मी मुद्दाम शेवटची वेळ मागून घ्यायला लागले. पेशंट गेले की आम्ही चहा घ्यायचो. तिची आई गेली, हे मला तिथेच कळलं. आजारपण एकटीने काढलं पोरीने. तुझ्याबद्दल वाकडा शब्द तिने एकदाही काढला नाही, आणि मीही तिला काही विचारलं नाही. पुढे हाडाने स्क्रू घट्ट धरल्याची खात्री झाली, तेव्हा तिने झिर्कोनियाचे, म्हणजे चिनीमातीसारख्या पांढऱ्या, टणक पदार्थाचे दात बसवले. रंग जुळवायला मला खिडकीपाशी उभं केलं, आणि माझ्या चहाचा पिवळेपणासुद्धा त्यात उतरवला. ध्वनिमुद्रक खूश आहे.

आता खरं ते सांगते. ती लग्न करतेय. माणूस भला आहे, शाळेत गणित शिकवतो, मी भेटले आहे. शुक्रवारी नोंदणी आहे. तिच्या बाजूने साक्षीदार म्हणून सही करायला तिने मला विचारलं, अडखळत, नाही म्हणायची पूर्ण मुभा देऊन. मी हो म्हटलं. तुझी परवानगी मागत नाहीये, बाळा. पण हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. तुला थोडं लागेल, हे मी जाणते. तुझ्या वाट्याचं माझ्यातलं काहीही तिकडे जात नाही, हेही जाणते, आणि तूही जाणतोस. शुक्रवारी संध्याकाळी फोन करीन. राग आला असला तरी उचल.

सदैव तुझीच,
आई