बाबांच्या यकृताचा आकडा

३ मार्च २००४
बाबांची ‘बी’ प्रकारची कावीळ जुनाट निघाली. यकृतावर किती वण धरलेत ते कळायला बायोप्सी करा, असं नांदेडचे डॉक्टर म्हणाले. बाबा म्हणाले, कलेजीचा तुकडा काढतेत व्हय? बकरं हाव का मी?
मला हे रक्तावरूनच काढता येईल. वसमतच्या लॅबमध्ये चार वर्षं काय केलं मग?

४ मार्च
सूत्र मिळालं. रक्तातल्या एसजीओटी या एन्झाइमला त्याच्या नॉर्मल कमाल मर्यादेनं भागायचं, मग प्लेटलेट्सच्या हजारांनी, गुणिले शंभर. अर्ध्याखाली निर्धास्त. दीडच्या वर वण. मधलं सांगता येत नाही.
सूत्र सी काविळीवरचं आहे. यकृत शेवटी यकृतच.

५ मार्च
१.८. ग्राह्य नाही. बाबा दोन दिवस कुरुंद्यात हळद शिजवत होते. अंगमेहनतीनं एसजीओटी वाढतं.
ठराव: पाच दिवस सक्त आराम.

८ मार्च
बाबा ओट्यावर. शेजारच्या द्वारकाकाकूंनी विचारलं, सोनाजीभाऊ, नव्या जावयावाणी काहून बसून राहिला? बाबा रागानं दोनदा हळदीच्या कढईकडे जाऊन आले. तरी आराम धरायला हरकत नाही.

१० मार्च, दुपारी
१.५२. दोन शतांशांसाठी माणसाला सुई खुपसणं अशास्त्रीय आहे.
प्लेटलेट्स मायक्रोस्कोपखाली हातानं मोजल्या. एक लाख सव्वीस हजार. मग एक लाख एकतीस. मग एक लाख चाळीस. पहिल्या दोन वेळी लॅबच्या मिराबाई झाडत होत्या, लक्ष विचलित. चाळीस घेतले.
१.३९. बायोप्सी रद्द. रिपोर्टवर सही केली.

१५ मार्च, नांदेडहून परत
डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नीटनेटका आहे. किती वेळा मोजलं? मी उत्तर जुळवत होते, तोवर बाबाच बोलले: पोरगी लई बराबर हाय साहेब, चांगला आकडा येईस्तोवर मोजती.
डॉक्टर हसले नाहीत. बाबांना आडवं करून बरगडीखाली बोटं ठेवली. वाढलेली प्लीहा हाताला लागली. मग सोनोग्राफी. यकृत आक्रसलेलं, कडा ओबडधोबड.
सुईची गरज नाही, असं ते बाबांना म्हणाले. का नाही, ते मला इंग्रजीत सांगितलं. सिरॉसिस. आता तपासायचं काही उरलं नाही, जपायचं फक्त.
घरी येताच बाबांनी आईला हाक मारली. भागू, सुई टळली. पोरीनं टाळली.
मी दुरुस्ती केली नाही.